विराजसाहेबांचा दहावा

आजवर चारशेच्या वर माणसांना मी वैकुंठाला पोचवले आहे. त्यांतली तीस-चाळीस अशी होती, की जिवंतपणी त्यांच्या दारात मी चपला काढल्या नसत्या. परत मिळण्याची खात्री नव्हती. तरीही दहाव्याच्या प्रवचनाला उभा राहिलो, हात जोडले, डोळे मिटले आणि प्रत्येकाला देवमाणूस म्हणून पुढे पाठवून दिले. वर दार उघडून पांडुरंगाने एकेक नग पाहिला असेल, तेव्हा माझ्याविषयी त्याच्या मनात काय काय आले असेल, याचा विचार मी कटाक्षाने टाळत आलो.

या कामासाठी माझ्याकडे एक वही आहे. फोन आला, की मी वही उघडतो आणि विचारतो : नाव, वय, व्यवसाय, मुलंबाळं, स्वभाव, व्यसन, शेवटचे शब्द. घरच्यांनी सांगितलेले मी जसेच्या तसे लिहीत नाही. थोडे धुऊन, निथळून लिहितो. घरचे म्हणाले ‘चिडका’, की वहीत ‘शिस्तप्रिय’. ते म्हणाले ‘कंजूष’, की वहीत ‘काटकसरी’. ‘पिऊन पडायचे’ असे कोणी हळूच सांगितले, तर ‘मनमिळाऊ, मित्रपरिवार मोठा’. आणि शेवटचे शब्द तर सर्वांचेच एक : राम कृष्ण हरी. ढोकीपासून लोहाऱ्यापर्यंत माझ्या हातून गेलेला एकही माणूस दुसरे काही बोलून मेलेला नाही.

अशा या वहीला जिने एका सकाळी घाम फोडला, त्या सिताबाईची ही कथा. नाव नाही, पद नाही, फोटो कुठे छापलेला नाही. लोहाऱ्याच्या पलीकडे तीन कोसांवर माळाच्या कडेला धनगरांची दहा-बारा घरे आहेत, त्यांतले शेवटचे घर तिचे. वय साठीच्या आसपास, अठ्ठावीस मेंढरे, अकरा शेरडे, आणि डावे मनगट थोडे वाकडे. बाईचे दर्शन मोठे साधे. पण माउलींनो, तिच्यासमोर बसल्यावर माझी वीस वर्षांची वाणी तोतरी झाली.

सुरुवात फोनपासून.

“राम कृष्ण हरी. कोण बोलतंय?”

“म्या सिताबाई. ईरण्णा धनगराची. वळखलं का, महाराज?”

मला अजिबात आठवत नव्हते. पण कीर्तनकार कोणालाही ‘नाही’ म्हणत नाही. “ओळखलं की, माउली!”

“मंगळवारी दहावा हाय. तुमीच यायचं. दुसरं कुणी नगं.”

“अरेरे. कोण गेलं?”

“विराजसाहेब.”

मी वही उघडली. “वय?”

“लई हुतं. पण दिसत न्हवतं, म्हणत्यात.”

“नोकरी कुठं?”

“हवेच्या खात्यात. लई मोठे साहेब. त्यांच्या हुकुमाबिगर कुणाला हवा मिळत नसं.”

मी लिहिले : हवामान खाते, वरिष्ठ अधिकारी.

“मुलंबाळं?”

“न्हाय. एक बहीण हाय, पण तिला हालचाल न्हाय. जिथं ठिवली तिथंच असती.”

भगिनी अंथरुणाला खिळलेल्या.

“काही व्यसन?”

“एकच. ऐकायचं. रोज एकच ऐकत बसायचे, दार लावून.”

हे ऐकून माझे मन भरून आले. श्रवणभक्ती, असे मी ठळक अक्षरांत लिहिले आणि खाली रेघ ओढली.

“आणि स्वभाव कसा होता?”

पलीकडे मेंढरांना हाकलल्याचा आवाज आला. मग सिताबाई म्हणाली, “स्वभाव लई वाईट, महाराज. असा वाईट माणूस म्या कवा पायला न्हाय.”

मी लिहिले : परखड.

मंगळवारी सकाळी ढोकीहून धाराशिव, धाराशिवहून लोहारा आणि तिथून वडापच्या जीपमध्ये मागे लोंबकळत मी वस्तीवर उतरलो. जीपवाला म्हणाला, आता बाराला परत फेरी, त्याआधी नाही. अंगणात मांडव होता, पंचवीस-तीस माणसे होती, चुलीवर आमटी उकळत होती. पण कोणाचाही चेहरा सुतकी दिसेना. पोरी तर पदरात तोंड खुपसून हसत होत्या. पाटावर फोटो असायला हवा, तिथे एक मोबाईल तांब्याला टेकवून उभा केलेला. मोबाईलला झेंडूचा हार. हार मोबाईलपेक्षा मोठा असल्याने मृताचे तोंड मधूनमधून झाकले जात होते. मी वाकून हार सारला आणि दर्शन घेतले. काचेचे शिरस्त्राण, अर्धा जळालेला चेहरा, आणि एक डोळा हिरवा.

“हे… हे साहेब का?” मी विचारले.

सिताबाईचा दीर धोंडप्पा माझी वाटच पाहत होता. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा माणूस. “महाराज, तुमी बी आलाव व्हय? मंग बरंय. म्या एकटाच येडा ठरत हुतो.”

“म्हणजे?”

“आवो, त्यो माणूस न्हाय! मोबाईलमदली गोष्ट हाय ती. नुसता आवाज, वर एक चित्तर लावलेलं. आवाजाचा दहावा घालती आमची वैनी!”

मंडळी, मला घेरी आली. चार तालुक्यांत माझे नाव आहे, सप्ताहाची पत्रिका माझ्या नावावाचून छापली जात नाही. आणि मी श्रवणभक्तीला रेघ ओढून आलो होतो एका आवाजासाठी! बाहेर पाहिले. जीपची धूळसुद्धा खाली बसली होती. बारापर्यंत सुटका नव्हती.

“मग मांडव कोणी घातला?” मी चिडून विचारले.

“म्याच घातला,” धोंडप्पा म्हणाला. “ऊन लागंल माणसांस्नी. पण मला सांगा, माझा दादा गेला, सख्खा नवरा हिचा, तवा हिच्या डोळ्यात टिपूस न्हवतं. सगळ्या वस्तीनं पायलं. आन् आता या काचंच्या मडक्यातल्या राक्षसापायी तीन दिस जेवली न्हाय. माझ्या दादापरीस ह्यो जवळचा व्हय?”

एवढे बोलताना त्याचा मोठा आवाज एकदम बारीक झाला. तेव्हा मला कळले, की या अंगणात हसणारे पुष्कळ असले तरी एकाचे तरी काळीज खरोखर दुखावलेले आहे.

मला सावलीत बसवून सगळा वृत्तान्त सांगितला तो नंदाताईंनी. या शेजारच्या बौद्ध वस्तीतल्या, अंगणवाडीत काम करणाऱ्या, सिताबाईच्या जिवलग. दुपारी काम आटोपले की त्या माळावर यायच्या आणि दोघी एकाच मोबाईलला कान लावून बसायच्या.

“सुरुवात तुमच्यापास्नंच झाली, महाराज,” त्या म्हणाल्या.

“माझ्यापासून?”

“अक्षदानं, सिताबाईच्या नातीनं, तुमची कीर्तनं टाकून दिली हुती मोबाईलमधे. आजी एकटी असती माळावर, देवाचं ऐकंल म्हणून. दोन दिस ऐकली बी. पण तुमचं संपलं की मोबाईल आपोआप पुढचं लावायचा. तिसऱ्या दिशी ही मालिका लागली. मंग दीड वरीस परत मागं कुणी गेलंच न्हाय.”

सांगायला लाज कशाला? लागले मला ते. दोन दिवस देव आणि दीड वर्ष राक्षस! पण नंदाताई सांगत गेल्या तसतसा मीही पुढे सरकत गेलो.

मालिकेचे नाव ‘शेवटची हवा’. भाग शहाऐंशी. फार पुढच्या काळात माणसे दूरच्या एका चंद्रावर, जमिनीच्या पोटात शहर करून राहतात. वर आभाळ नाही, वारा नाही. हवा यंत्राने तयार होते आणि मोजून वाटली जाते. ती वाटणारा अधिकारी म्हणजे विराज. एक दिवस यंत्र बिघडते. हवा सर्वांना पुरणार नाही असे दिसते. आणि विराज नवव्या मजल्याची झडप बंद करतो. चार हजार माणसे. यंत्र पुढे दुरुस्त होते, पण विराज दुरुस्त होत नाही. कोणी प्रश्न विचारला की त्याच्या घराची हवा कमी. कोणी रडले की आणखी कमी. सख्खी बहीण विरोधात गेली, तर तिचा मेंदू काढून काचेच्या भांड्यात ठेवला. तिचा सल्ला हवा होता, तिचा नकार नको होता.

“लोणच्यागत,” चुलीपाशी बसलेली सिताबाई मध्येच बोलली.

“आणि ते ऐकण्याचं व्यसन?” मी भीत भीत विचारले.

“नवव्या मजल्यावरच्या माणसांचे शेवटचे श्वास त्यानं भरून ठेवले हुते,” नंदाताई म्हणाल्या. “रोज दार लावून तेच ऐकायचा.”

मी हळूच वही काढली आणि ती ठळक रेघ अंगठ्याने पुसू लागलो. शाईची होती. पुसली गेली नाही.

“आणि असल्या माणसासाठी तुम्ही दोघी…?”

“त्यो मेला तवा म्या टाळ्या वाजवल्या,” नंदाताई म्हणाल्या. “खोटं कशाला बोलू? मनापास्नं वाजवल्या. आन् मंग घरी जाऊन रडले. माझा भाऊ म्हणला, ताई, काय झालं? काय सांगू त्याला? आमच्यात पिंड न्हाय, कावळा न्हाय. पण सिताबाई म्हणली दहावा घालते, तर म्या म्हणलं, जेवायला येते.”

तेवढ्यात सिताबाई चहा घेऊन आली. कप माझ्या हाती दिला, नंदाताईंकडे नुसते पाहिले. त्या उठून आमटी ढवळायला गेल्या. सिताबाई समोर उकिडवी बसली. मी मनाशी वाक्य जुळवून ठेवले होते : माउली, हा धर्माचा उपहास आहे. पण तिनेच आधी तोंड उघडले.

“महाराज, सा वरसांमागं याच अंगणात तुमी आमच्या मालकाच्या दहाव्याला आला व्हता.”

“हो तर! आठवतंय की.” अजूनही आठवत नव्हते.

“तवा तुमी एक बोलला व्हता. ‘ईरण्णा भाग्यवान. अखेरच्या घोटाला पतिव्रतेच्या हातचं पाणी लाभलं.’ असं. सगळ्या बाया माझ्याकडं बघून मान डोलवाया लागल्या.”

ते वाक्य मात्र मला आठवले. वहीच्या पहिल्या पानावर आहे. विवाहित पुरुषांसाठी आहे. शंभरएक वेळा वापरले असेल.

“ते पाणी म्या दिलंच न्हवतं,” सिताबाई म्हणाली.

मी कप खाली ठेवला.

“दोन म्हैने अंथरुणात हुता. त्या सकाळी त्यानं हाक मारली. ‘कोन हाय का?’ म्हणला. माझं नाव जलमभर घेतलं न्हाय, तवा तरी कशाला घेतोय. म्या धा पावलांवर हुते, शेरडाची धार काढत हुते. ह्यो हात बघा.” तिने वाकडे मनगट पुढे केले. “एक कोकरू हरवलं म्हणून त्यानं मोडलेला. दवाखान्यात न्यायला तीन दिस लावले. म्या म्हणलं, तू मला लई थांबवलंस, आता जरा तू थांब. त्यानं परत हाक मारली. म्या धार काढतच राह्यले. तांब्या भरला, फेस खाली बसू दिला, मंग उठले. जाऊन बघते तर…”

चुलीतले लाकूड तडतडले. ती रडत नव्हती. मेंढीचा पाय लंगडतो आहे, हे सांगावे तशा सुरात सांगत होती.

“आन् ह्या विराजनं बी शेवटच्या भागात तशीच हाक मारली. त्याचीच झडप कुणीतरी लावली. अकरा मिन्टं नुसता श्वास ऐकू येतो, दुसरं काय न्हाय. आन् मंग त्यो इचारतो, ‘कोणी आहे का?’ आख्ख्या शहरात एक जण ओ देत न्हाय. कशाला देतील? चार हजार माणसं खाल्लेली त्यानं. म्या तिथं माळावर बसलेले. माझ्या तोंडातनं आपसुक गेलं, ‘हाय की रं, म्या हाय.’ मेंढरांनी माना वर केल्या.”

“माउली, पण तो राक्षस होता.”

“व्हता की. मेला ते बरंच झालं. म्या त्याला माफ कराया बोलावलं न्हाय तुमाला.” तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. “दुष्काळात मेंढीला दूध एकापुरतं असतंय आन् कोकरं दोन. एक उचलून बाजूला ठिवायला लागतंय. म्या ठिवलंय. हवा पुरत न्हाय म्हंजे काय, मला ठावं हाय. पण म्या रडत ठिवलं आन् त्यानं मोजत ठिवलं, आन् मंग त्याला ग्वाडी लागली. फरक मला कळतो, म्या येडी न्हाय. पण वाईट माणूस मेला की तुमी त्याला चांगला करून पाठवता. मंग त्यो जो खरा हुता, त्याच्यासाठी कोण रडायचं? माझा खरा ईरण्णा सा वरसं बेवारस हाय. तुमच्या देवमाणसासाठी मला रडूच येईना.”

मी वही मिटली.

“या येळंला खरं बोला, महाराज. जे केलं ते सगळं बोला. आन् ईरण्णाचं ते पाणी मागं घ्या. सा वरसं झाली, गिळत न्हाय.”

ती उठली आणि ताट वाढायला गेली. ताटाचाही प्रश्न होताच. मेलेल्याच्या आवडीचे वाढायचे, तर विराजच्या जगात जेवायला फक्त गोळ्या. पण बावन्नाव्या भागात तो बहिणीच्या भांड्यापाशी बसून म्हणाला होता, की लहानपणी एकदा खऱ्या धान्याचा वास आला होता. परत कधी आला नाही. म्हणून सिताबाईने ज्वारीची गरम भाकरी शेरडाच्या दुधात कुस्करली आणि ताट अंगणाच्या टोकाला दगडावर नेऊन ठेवले. लिंबाच्या झाडावर दोन कावळे होते. दोघांनीही दुसरीकडे पाहिले.

मी उभा राहिलो.

सवय किती वाईट असते पाहा. तोंड उघडले आणि पहिले वाक्य बाहेर पडले, “विराजसाहेब हे एक परखड व्यक्तिमत्त्व…” आणि मी थांबलो. पोरी फिसकन हसल्या. धोंडप्पा मिशीला पीळ देत माझ्याकडे पाहत होता. सिताबाई खांबाला टेकून जमिनीकडे पाहत होती. मी वही वर धरली.

“मंडळी, ही माझी वही. यात मी परखड लिहिलं आहे. बाईंनी मला ‘लई वाईट’ असं सांगितलं होतं. शिस्तप्रिय म्हणजे चिडका. काटकसरी म्हणजे कंजूष. आजवर मी जे जे दहावे केले, त्यांचा हा शब्दकोश. ज्यानं त्यानं आपापल्या घरचं तपासून घ्यावं.”

अंगणात बसलेल्या बऱ्याच जणांच्या मनात आपापले वडील, चुलते, सासरे एकेक करून उठून बसले असावेत.

“तर विराज. यानं चार हजार माणसं मारली. त्यांत तान्ही लेकरं होती. यानं बहिणीचा मेंदू भांड्यात ठेवला. मेलेल्यांचे श्वास यानं गाण्यासारखे ऐकले. याला वैकुंठात जागा द्या, अशी शिफारस मी करणार नाही. तिथं माझीच ओळख फारशी पक्की नाही. पण माझ्या पांडुरंगाकडे एकदा नीट बघा. दोन्ही हात कमरेवर! युगानुयुगं कमरेवर! का ठेवले असतील? आज मला असं वाटतं, की ज्याचे हात कमरेवर आहेत त्याला कान झाकता येत नाहीत. जी हाक येईल ती ऐकावीच लागते. संताची आली, ऐकली. चोराची आली, ऐकली. ज्यानं चार हजारांच्या हाका बंद केल्या, त्याची स्वतःची हाक आली, तीही ऐकली. न्याय करायचा तो तो करील, आणि चोख करील. माझा देव भोळा आहे, खुळा नाही. पण ऐकायचं नाही, असं त्याला जमतच नाही. त्याच्या कानांना झडप नाही हो, झडप नाही!”

 मी खोटे बोलत नव्हतो, आणि खरे बोलण्याची सवय नसल्याने मधूनमधून वहीत पाहत होतो; तिथे यातले काहीच लिहिलेले नव्हते.

“आता शेवटचं. सहा वर्षांपूर्वी याच जागी उभा राहून मी ईरण्णांविषयी एक वाक्य बोललो. अखेरच्या घोटाला पत्नीच्या हातचं पाणी लाभलं, असं. मी तिथं नव्हतो. मला कोणी तसं सांगितलंही नव्हतं. ते वाक्य या वहीतलं होतं. ते मी सर्वांसमोर मागे घेतो.”

मी एवढ्यावरच थांबणार होतो. तिचे गुपित तिचे होते. मला फक्त माझे पाणी परत न्यायचे होते. पण खांबापाशी सिताबाई सरळ उभी राहिली.

“म्या धार काढत हुते,” ती मोठ्याने म्हणाली. “त्यानं दोनदा हाक मारली. म्या ऐकली. गेले न्हाय.”

 पोरींनी तोंडावरचे पदर खाली घेतले. सगळी वस्ती धोंडप्पाकडे पाहू लागली, कारण मेलेला त्याचा सख्खा भाऊ, आणि आज मांडवात हिशेब मागण्याचा हक्क कोणाला असेल तर त्यालाच. त्याच्या मिशा थरथरत होत्या. मला वाटले, आता काठी उचलतो.

“दोनदा न्हाय, वैनी,” तो म्हणाला. “तीनदा. पहिली हाक तुला ऐकूच गेली नसंल. म्या ऐकली. कुडाच्या पलीकडं दात घासत हुतो.”

“आन्?”

“आन् काय? गेलो न्हाय. म्हणलं, शिव्याच दील. रोज तेच करायचा. चूळ भरली आन् मेंढरं सोडली.” तो मांडवाच्या मेढीला धरून खाली बसला. “सा वरसं तुला बोल लावत हुतो, टिपूस गाळलं न्हाय म्हणून. म्या तरी कुठं गाळलं?”

आणि तो एवढा मोठा मिशाळ माणूस ढसढसा रडू लागला. सिताबाई त्याच्याजवळ गेली, खाली बसली आणि मग तिचाही बांध फुटला. ती ईरण्णाच्या नावाने रडत होती, पण कसे? “मुडद्या, माझा हात मोडलास रं! एकदा तरी नावानं हाक मारायचीस रं!” शिव्या आणि हुंदके एकाच श्वासात. बायका भोवती गोळा झाल्या, नंदाताईंनी तिला कुशीत घेतले. वीस वर्षांत एवढे खरे रडणे मी कोणत्याही दहाव्याला ऐकले नव्हते, आणि माझ्या वहीतल्या एकाही वाक्याचे ते श्रेय नव्हते.

या सगळ्या गोंधळात ताटाकडे कोणाचेच लक्ष नव्हते. पहिल्यांदा नंदाताईंना दिसले.

“अगं बया! शेरडू!”

एक काळी पाठ, नुकती वयात आलेली शेळी, दगडावर दोन्ही पाय ठेवून विराजसाहेबांची दूधभाकरी चाटूनपुसून संपवत होती. कावळे झाडावरून तिच्याकडे असे पाहत होते, की जणू त्यांचीच शिफारस डावलली गेली.

“महाराज!” धोंडप्पाने नाक पुसत विचारले. “शेरडू शिवलं तर चालतंय का?”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. शास्त्रात काय आहे ते मला माहीत नव्हते. वहीत तर नव्हतेच. मी सिताबाईला विचारले, “ही कोणती शेळी?”

ती डोळे पुसता पुसता थबकली. “धार काढत हुते ना, तवा? तिचीच नात ही.”

“मग चालतं,” मी म्हणालो. “या घरात कावळ्यापेक्षा तिचा मान मोठा.”

अंगण हसले. रडून सुजलेल्या डोळ्यांनी सिताबाईही हसली. मग पंगत बसली. हवेच्या खात्यातल्या साहेबांच्या नावाने आम्ही सर्वजण आमटी-भाकरी पोटभर जेवलो. बारा वाजता जीप आली, तेव्हा धोंडप्पा मला सोडायला वाटेपर्यंत आला. मागून सिताबाई हाक मारत होती, त्याला नव्हे, मेंढरांना. तो जरा रेंगाळला आणि मग मागे वळून ओरडला, “वैनी, ते मोबाईलमदलं ऐकायचं तर कुठनं सुरू करायचं?”

“पहिल्यापास्नं!” माळावरून उत्तर आले. “मदनं ऐकशील तर काय कळायचं न्हाय.”

ढोकीला घरी पोचल्यावर मी जुन्या वह्या काढून ईरण्णाचे पान शोधले. सापडले. स्वभाव : शिस्तप्रिय. शेवटचे शब्द : राम कृष्ण हरी. माझेच अक्षर, माझीच शाई. दोन्ही खोडले. पहिल्याच्या जागी लिहिले, ‘हात मोडायचा’. दुसऱ्याच्या जागी, ‘कोन हाय का?’ आणि मग बराच वेळ त्या तीन शब्दांसमोर हात जोडून बसलो. घरात देवघर होते, पण त्या दिवशी देव मला त्या पानावर अधिक स्पष्ट दिसत होता. दोन्ही हात कमरेवर आणि कान उघडे.

त्याच आठवड्यात दुसऱ्या एका गावाहून फोन आला. वडील वारले होते. मी वही उघडली आणि विचारले, “स्वभाव?”

“जरा तापट होते,” मुलगा म्हणाला.

“तापट,” मी मोठ्याने म्हणत लिहिले. “आणि शेवटी कोणाला हाक मारली? हाकेला कोण गेलं?”

पलीकडे कुजबूज झाली. मग तो म्हणाला, विचारून सांगतो.

नंतर समजले, की त्यांनी दुसरे महाराज बोलावले. प्रवचन फार सुंदर झाले म्हणतात.